डीयूआय : अटक झाली तर आपले हक्क कोणते? (कॅलिफोर्नियातील चालकांसाठी माहिती)



गणपती, दसरा, दिवाळी, थँक्सगिव्हिंग, नाताळ... आपल्याकडचे आणि इकडचे सण एकामागोमाग येतात आणि त्याबरोबर पार्ट्याही. या दिवसांत रस्त्यावर पोलिसांची तपासणीही वाढते. म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच दोन खुलासे. पहिला : मी वकील नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा साधा इंजिनियर आहे. हा लेख माहितीसाठी आहे, कायदेशीर सल्ला नव्हे. दुसरा : दारू पिऊन गाडी चालवणे चूकच आहे. त्यात स्वतःचा नाही तर दुसऱ्याचा जीव जातो. हा लेख "सुटायचे कसे" हे सांगण्यासाठी नाही. पण अटक झालेल्या माणसालाही कायद्याने हक्क दिलेले आहेत आणि ते वेळेवर माहीत नसले तर एका रात्रीच्या चुकीची किंमत कित्येक वर्षे मोजावी लागते.

हे मी एका मित्रामुळे शिकलो. त्याचे नाव देत नाही. एका शनिवारी रात्री घरी परतताना त्याची गाडी थांबवली गेली, चाचणीत आकडा ०.०८ च्या वर आला आणि रात्र लॉकअपमध्ये गेली. रात्री दोन वाजता वहिनींचा फोन आला तेव्हा आम्हा कोणालाच काय करायचे ते सुचेना. सकाळी तो सुटला. हातात एक गुलाबी कागद होता. आपल्याकडे चलनाची पावती मिळते तसा काहीतरी कागद असेल, असे समजून त्याने तो गाडीच्या कप्प्यात टाकला. पुढे कोर्टात वकील न घेता गेला आणि "दंड भरून मोकळा होतो" म्हणून गुन्हा कबूल केला. काही आठवड्यांनी व्हिसा रद्द झाल्याची ईमेल आली. "माझे एच-१ अजून दोन वर्षे आहे, काय फरक पडतो?" असे म्हणून त्याने तीही बाजूला ठेवली. फरक पडला तो वडील साताऱ्याला आजारी पडले तेव्हा. गेलो तर परत कधी येता येईल हे सांगता येईना. मुलांची शाळा, घराचे हप्ते, नोकरी. तो थांबला. वडिलांचे अंत्यदर्शन त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर घेतले.

नंतर आम्ही दोघांनी बसून सगळा घटनाक्रम एका एक्सेल शीटमध्ये मांडला. तेव्हा लक्षात आले की अटकेच्या क्षणी एक नव्हे, तीन घड्याळे सुरू होतात : डीएमव्हीचे, कोर्टाचे आणि (आपण नागरिक नसलो तर) इमिग्रेशनचे. तिन्हींचे नियम वेगळे, मुदती वेगळ्या. एकाचा निकाल लागला म्हणून दुसरे थांबत नाही. मित्राला फक्त कोर्टाचे घड्याळ दिसले होते. चला, क्रमाने पाहू.

१. कायदा काय म्हणतो?

कॅलिफोर्निया व्हेईकल कोडच्या कलम २३१५२ मध्ये दोन मुख्य गुन्हे आहेत. एक, दारूच्या अमलाखाली गाडी चालवणे. दोन, रक्तातील अल्कोहोल ०.०८ टक्के किंवा जास्त असताना गाडी चालवणे. बहुधा दोन्ही आरोप एकदमच लावले जातात. म्हणजे "माझा आकडा ०.०७ होता" असे म्हणून आपोआप सुटका होत नाही. चालवण्यावर परिणाम झाला होता असे सिद्ध झाले तर पहिला आरोप टिकतो.

काही जणांसाठी मर्यादा आणखी कडक आहे :

- २१ वर्षांखालील चालक : ०.०१ टक्के. (विद्यार्थ्यांनी नीट वाचावे. एवढ्यावरच परवाना एक वर्ष जातो.)
- व्यावसायिक वाहनांचे चालक : ०.०४ टक्के.
- भाडे घेऊन प्रवासी नेणारे, म्हणजे उबर-लिफ्ट चालवणारेसुद्धा : १ जुलै २०१८ पासून ०.०४ टक्के.

दुसऱ्या राज्यात जाताना तिथला नियम वेगळा असू शकतो. युटामध्ये २०१८ च्या डिसेंबरअखेरपासून मर्यादा ०.०५ टक्के आहे. आणि भारताशी तुलना करायची तर आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. "अमेरिका कडक आणि भारत सैल" हा समज निदान या आकड्यापुरता खरा नाही. फरक आहे तो अंमलबजावणीत आणि परिणामांत.

गांजा आणि औषधे यांनाही हेच कलम लागू आहे. कॅलिफोर्नियात २०१६ पासून प्रौढांना गांजाची परवानगी आहे, पण त्याच्या अमलाखाली गाडी चालवण्याची नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या झोप आणणाऱ्या गोळ्या घेऊन गाडी चालवली तरी गुन्हा होऊ शकतो.

२. पोलिसांनी गाडी थांबवली तर

एखादी गाडी थांबवायला पोलिसांकडे काहीतरी वाजवी कारण लागते : लेन सोडून जाणे, दिवा बंद असणे, वेग. याला अपवाद म्हणजे जाहीर तपासणी नाके. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये असे नाके वैध ठरवले आहेत. तिथे थांबावेच लागते.

गाडी उजवीकडे सुरक्षित जागी घ्या. आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर ठेवा. परवाना, रजिस्ट्रेशन आणि विम्याचा कागद मागितला की द्यावा लागतो. नाव खरेच सांगावे. गाडीतून उतरायला सांगितले तर उतरावे लागते. १९७७ पासून सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना तो अधिकार दिलेला आहे.

यापुढचे प्रश्न मात्र वेगळे आहेत. "कुठून येताय?", "किती प्यायलात?" यांची उत्तरे देण्याचे बंधन तुमच्यावर नाही. आपली सवय अशी की साहेबांना खूश करण्यासाठी "फक्त दोन बियर" असे सांगून टाकायचे. ते वाक्य कॅमेऱ्यात रेकॉर्ड होते आणि पुढे पुरावा म्हणून येते. खोटे बोलणे तर त्याहून वाईट. शांतपणे एवढेच म्हणावे : "ऑफिसर, आय प्रिफर नॉट टु आन्सर क्वेश्चन्स." उर्मटपणा नको, वाद नको, हातवारे नकोत.

गाडी तपासू का, असे विचारले तर संमती न देण्याचा हक्क आहे. संमती नसतानाही काही परिस्थितीत ते तपासणी करू शकतात. तसे केले तर अडवू नका, फक्त "आय डू नॉट कन्सेंट" हे स्पष्ट सांगा. फोनची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. २०१४ च्या रायली विरुद्ध कॅलिफोर्निया या निकालानुसार अटकेनंतरही फोनमधली माहिती पाहायला साधारणतः वॉरंट लागते. पासवर्ड स्वतःहून देऊ नका.

आणि एक फार महत्त्वाचे : "साहेब, इथेच मिटवून टाकू" हा विचारही मनात आणू नका. पैशाचा नुसता इशारा हा इथे डीयूआयपेक्षा मोठा गुन्हा होतो.

३. अटकेआधीच्या चाचण्या

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण चाचण्या दोन प्रकारच्या असतात आणि त्यांचे नियम उलट आहेत.

अ) रस्त्यावरच्या शारीरिक चाचण्या : सरळ रेषेत चालणे, एका पायावर उभे राहणे, डोळ्यांसमोर पेन फिरवणे. या ऐच्छिक आहेत. नम्रपणे नकार देता येतो. गुडघेदुखी, चक्कर किंवा पाठीचा त्रास असेल तर तसे सांगावे.

ब) रस्त्यावरच हातातल्या छोट्या यंत्रात फुंकायला सांगतात ती प्राथमिक चाचणी, म्हणजे पीएएस. तुमचे वय २१ किंवा जास्त असेल आणि तुम्ही आधीच्या डीयूआयच्या प्रोबेशनवर नसाल तर हिलाही नकार देता येतो. तसे तुम्हाला सांगणे ही पोलिसांची कायदेशीर जबाबदारी आहे.

लक्षात घ्या, नकार दिला म्हणजे सोडून देतात असे नाही. तोंडाचा वास, लाल डोळे, गाडी चालवण्याची पद्धत यांवरून ते अटक करू शकतात.

४. अटक आणि "मिरांडा"

हॉलिवूडच्या सिनेमांमुळे सगळ्यांना माहीत असलेले वाक्य : तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे, वकिलाचा हक्क आहे, वगैरे. हे १९६६ च्या मिरांडा विरुद्ध ॲरिझोना या निकालातून आले. पण त्याचा अर्थ आपण चुकीचा घेतो.

- रस्त्यावर गाडी थांबवून विचारलेल्या साध्या प्रश्नांना मिरांडा लागू होत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये स्पष्ट केले. ताब्यात घेतल्यावरच्या चौकशीला मात्र लागू होतो, मग गुन्हा किरकोळ का असेना.
- मिरांडा वाचून दाखवला नाही म्हणून खटला रद्द होत नाही. फक्त ताब्यात असताना चौकशीत दिलेली उत्तरे पुरावा म्हणून वगळली जाऊ शकतात. श्वासाचा किंवा रक्ताचा अहवाल तसाच राहतो.
- नुसते गप्प बसून भागत नाही. २०१० आणि २०१३ च्या निकालांनुसार हक्क वापरतोय असे तोंडाने सांगावे लागते. दोन वाक्ये पाठ करून ठेवा : "आय विश टु रिमेन सायलेंट. आय वाँट अ लॉयर." त्यानंतर हवापाण्याच्या गप्पाही नकोत.

अटक चुकीची वाटली तरी रस्त्यावर प्रतिकार करू नका. ती लढाई कोर्टात लढायची असते.

५. अटकेनंतरची चाचणी : इथे "नाही" म्हणणे महागात पडते

कॅलिफोर्नियात गाडी चालवतो तेव्हाच आपण कायदेशीर अटकेनंतरच्या रासायनिक चाचणीला संमती दिलेली आहे, असे कायदा मानतो. दारूचा संशय असेल तर श्वास किंवा रक्त यांपैकी एक निवडण्याचा हक्क तुमचा आहे. औषधांचा किंवा गांजाचा संशय असेल तर श्वासानंतर रक्तही मागितले जाऊ शकते. रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांना आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त देण्यातून सूट आहे, तेव्हा ते जरूर सांगावे.

वकिलाचा हक्क आहे हे खरे, पण या चाचणीआधी वकिलाशी बोलण्याचा हक्क नाही. "आधी माझा वकील येऊ दे, मग फुंकतो" हे उत्तर नकार म्हणूनच नोंदवले जाते. आपल्यासारख्या वाचलेल्या, हुशार माणसांची चूक नेमकी इथे होते!

नकाराचे परिणाम : पहिल्या वेळी परवाना एक वर्ष स्थगित, दहा वर्षांच्या आत दुसऱ्या वेळी दोन वर्षे रद्द, तिसऱ्या वेळी तीन वर्षे. शिवाय नकार दिला ही गोष्ट कोर्टात तुमच्याविरुद्ध सांगता येते आणि दोषी ठरल्यास शिक्षा वाढते.

२०१६ च्या बर्चफिल्ड निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अटकेनंतर श्वासाच्या चाचणीला वॉरंट लागत नाही, पण रक्त जबरदस्तीने घ्यायचे तर सहसा वॉरंट लागते. आता वॉरंट रात्री-अपरात्रीही मिळते, त्यामुळे यावर विसंबून नकार देण्यात शहाणपण नाही.

श्वासाची निवड केली तर तो नमुना साठवून ठेवला जात नाही, पुन्हा तपासता येत नाही. हे तुम्हाला सांगणे पोलिसांना बंधनकारक आहे. हवे असल्यास नंतर रक्त किंवा लघवीचा नमुनाही देता येतो. स्वखर्चाने आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडून वेगळी चाचणी करून घेण्याचा हक्कही कायद्यात आहे.

६. पोलीस ठाण्यात

- फोन : नोंदणी झाल्यावर लगेच, आणि शक्य तोवर अटकेपासून तीन तासांच्या आत, तीन फोन करण्याचा हक्क आहे : वकील, जामीनदार आणि नातेवाईक किंवा मित्र. स्थानिक फोन मोफत. घरी लहान मुले तुमच्या ताब्यात असतील तर त्यांच्या व्यवस्थेसाठी आणखी दोन. नातेवाइकांशी बोललेले रेकॉर्ड होऊ शकते. मराठीत बोललो म्हणून कोणाला कळणार नाही असे समजू नका. घरी फक्त एवढेच सांगा : कुठे आहे, वकील बघा, मुलांना सांभाळा.
- पाठ असलेला नंबर : मोबाईल काढून घेतला जातो. निदान जोडीदाराचा आणि एका मित्राचा नंबर पाठ हवा. माझ्या मित्राला वहिनींचा सोडून एकही नंबर आठवला नव्हता.
- दुभाषा : इंग्रजी नीट कळत नसेल, विशेषतः भारतातून आलेले आईवडील असतील, तर न समजता मान डोलावू नये. कोर्टात मोफत दुभाषा मागण्याचा हक्क आहे.
- वकिलात : १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार भारतीय नागरिकाला आपल्या वकिलातीला कळवण्याची मागणी करता येते. आपल्या बाबतीत मागणी केली तरच कळवले जाते. वकिलात सोडवून आणत नाही, पण घरी निरोप देणे, वकिलांची माहिती देणे अशी मदत करू शकते.
- सुटका : पहिल्या साध्या डीयूआयमध्ये बहुधा नशा उतरल्यावर कोर्टाच्या तारखेचा कागद देऊन सोडतात. कोठडीतच ठेवले तर ४८ तासांत न्यायाधीशासमोर उभे करावे लागते. त्यात रविवार आणि सुटीचे दिवस धरत नाहीत.

७. पहिले घड्याळ : डीएमव्ही, दहा दिवस

तो गुलाबी कागद ही पावती नव्हे. ती परवाना स्थगित होणार असल्याची नोटीस आहे आणि ३० दिवसांचा तात्पुरता परवानाही आहे. कॅलिफोर्नियाचा परवाना पोलीस काढून घेतात. भारतातला परवाना असेल तर तो जप्त करत नाहीत, पण इथे गाडी चालवण्याचा अधिकार स्थगित होतोच.

नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांच्या आत डीएमव्हीकडे सुनावणी मागण्याचा हक्क आहे. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, कामाचे नव्हेत. मुदतीत मागणी केली तर साधारणतः निकाल लागेपर्यंत स्थगिती लागू होत नाही. सुनावणीत पुरावे मागता येतात, पोलिसाची उलटतपासणी करता येते, वकील नेता येतो (खर्च आपला). मुदत चुकली तर ३० दिवसांनंतर परवाना आपोआप स्थगित : पहिल्या वेळी चार महिने, दहा वर्षांत दुसरी वेळ असेल तर एक वर्ष. काही अटींवर कामापुरता मर्यादित परवाना मिळू शकतो.

कोर्टाची तारीख बहुधा या दहा दिवसांनंतरची असते. म्हणूनच "कोर्टात गेल्यावर बघू" म्हणणाऱ्याचे पहिले घड्याळ तोपर्यंत वाजून गेलेले असते. सरकारी वकिलाने खटला मागे घेतला तरी डीएमव्हीची कारवाई आपोआप रद्द होत नाही.

८. दुसरे घड्याळ : कोर्ट

पहिल्या हजेरीला न्यायाधीश आरोप सांगतात. त्याच दिवशी गुन्हा कबूल करण्याचे कोणतेही बंधन नाही. "नॉट गिल्टी" सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. सरकारने पुरावा दाखवावा, एवढाच त्याचा अर्थ. तुमचे हक्क :

- वकिलाचा हक्क. परवडत नसेल तर सरकारी खर्चाने. तुरुंगवास होऊ शकेल अशा किरकोळ गुन्ह्यांनाही हे लागू आहे (१९७२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल). हे सरकारी वकील, ज्यांना इथे पब्लिक डिफेंडर म्हणतात, डीयूआयच्या केसेस रोज हाताळतात. त्यांना कमी लेखू नका.
- पोलीस अहवाल, व्हिडिओ, यंत्राच्या देखभालीच्या नोंदी पाहण्याचा हक्क. श्वासाच्या चाचणीआधी १५ मिनिटे सलग निरीक्षण करावे, असा राज्याचा नियम आहे. असे तपशील जाणकार वकीलच तपासतो.
- बारा जणांच्या ज्युरीसमोर खटल्याचा हक्क.

पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, ३९० ते १००० डॉलर मूळ दंड (अधिभार धरून तो कित्येक पट होतो), बहुधा तीन ते पाच वर्षांचे प्रोबेशन आणि किमान तीन महिन्यांचा डीयूआय अभ्यासक्रम. विम्याचा हप्ता वाढतो तो वेगळाच. हा गुन्हा पुढच्या गुन्ह्यासाठी दहा वर्षे मोजला जातो. कोणी जखमी झाले किंवा दहा वर्षांत चौथी वेळ असेल तर तो गंभीर गुन्हा, म्हणजे फेलनी, होऊ शकतो.

९. तिसरे घड्याळ : इमिग्रेशन

लॉकअपमध्ये घेतलेले बोटांचे ठसे केंद्र सरकारच्या यंत्रणांपर्यंत पोचतात. त्यामुळे "कोणाला कळणार आहे?" हा प्रश्नच उरत नाही.

व्हिसाधारक (एच-१, एल-१, एच-४, एफ-१, बी-२) : नोव्हेंबर २०१५ पासून परराष्ट्र खात्याचे धोरण असे आहे की मागील पाच वर्षांतल्या डीयूआयच्या अटकेवरूनही व्हिसा रद्द करता येतो. शिक्षा व्हायची वाट पाहिली जात नाही. पासपोर्टवरचा व्हिसा आणि इथे राहण्याचे स्टेटस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा रद्द झाला म्हणजे स्टेटस त्याच क्षणी संपले असे सहसा होत नाही. पण व्हिसा रद्द झालेल्याला देशाबाहेर काढण्याची तरतूदही कायद्यात आहे, म्हणून स्वस्थ बसू नये. देशाबाहेर गेलात की नवा व्हिसा लागतोच. त्यासाठी अटकेची कागदपत्रे द्यावी लागतात आणि पाच वर्षांतली एक अटकही वकिलातीच्या ठरलेल्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवायला पुरते. यात किती दिवस जातील हे आधी सांगता येत नाही. तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा.

ग्रीनकार्डधारक : एका साध्या डीयूआयमुळे सहसा ग्रीनकार्ड जात नाही. २००४ च्या लिओकाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने साधा डीयूआय हा "हिंसक गुन्हा" नाही असे ठरवले. पण परवाना स्थगित असल्याचे माहीत असताना पुन्हा दारू पिऊन गाडी चालवणे किंवा गांजा आणि इतर अमली पदार्थांशी जोडलेला आरोप, या गोष्टी फार धोक्याच्या आहेत.

नागरिकत्व : अर्जात प्रत्येक अटक सांगावी लागते, खटला मागे घेतला असला तरी. प्रोबेशन चालू असताना अर्ज मंजूर होत नाही. २०१९ च्या ॲटर्नी जनरलच्या निर्णयानंतर, तपासणीच्या काळात दोन किंवा जास्त डीयूआयच्या शिक्षा असतील तर चारित्र्य चांगले नाही असे गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढणे अर्जदारावर येते. कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने नंतर गुन्हा रेकॉर्डवरून काढला तरी इमिग्रेशनच्या दृष्टीने तो राहतोच.

आता यातला आपला हक्क. होजे पाडिया नावाच्या, चाळीस वर्षे इथे कायदेशीर राहिलेल्या माणसाला त्याच्या वकिलाने सांगितले होते की इमिग्रेशनची काळजी करू नकोस. तो सल्ला चुकीचा निघाला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की गुन्हा कबूल करण्याआधी त्याचे इमिग्रेशनवर काय परिणाम होतील हे सांगणे वकिलाचे कर्तव्य आहे. कॅलिफोर्नियात तर न्यायाधीशानेही हा इशारा द्यावा लागतो आणि तुम्ही मागितलात तर विचार करायला वेळही द्यावा लागतो. माझ्या मित्राला तो इशारा वाचून दाखवला होता. कागदावर त्याची सही आहे. पण त्याने वेळ मागितला नाही. वेळ मागता येतो हेच त्याला माहीत नव्हते.

१०. नेहमीचे गैरसमज

"जेवण भरपूर झालेय, कॉफी घेतली, उतरेल." : जेवणाने अल्कोहोल हळू चढते, पण कॉफी आणि थंड पाण्याने ते उतरत नाही. त्याला फक्त वेळ लागतो.

"उरलेली बाटली मागच्या सीटवर ठेवली तर चालते." : चालत नाही. उघडलेली बाटली डिकीत हवी.

"गाडीतच झोपतो." : कॅलिफोर्नियात डीयूआयसाठी गाडी हललेली असावी लागते, पण ती आधी हलली होती हे पोलीस परिस्थितीवरून दाखवू शकतात. कित्येक राज्यांत तर चावी घेऊन बसणेही पुरते.

"नोकरीच्या ठिकाणी सांगायची गरज नाही." : प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात. पण कंपनीने व्हिसा प्रायोजित केला असेल तर प्रवासाआधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलापासून लपवू नका. मात्र तो वकील कंपनीचा असतो. स्वतःचा वेगळा सल्लाही घ्यावा.

११. छापून गाडीत ठेवावे असे

१. प्यायलात तर गाडी नको. टॅक्सी, मित्र, यजमानांचा सोफा, काहीही चालेल.
२. कागदपत्रे द्या, नाव खरे सांगा, वाद घालू नका.
३. किती प्यायलात याचे उत्तर देण्याचे बंधन नाही. खोटे मात्र बोलू नका.
४. अटकेआधीच्या चाचण्यांना नकार देता येतो (वय २१ किंवा जास्त, प्रोबेशन नाही).
५. अटकेनंतरच्या चाचणीला नकार देऊ नका. श्वास की रक्त, ते तुम्ही निवडा.
६. "आय विश टु रिमेन सायलेंट. आय वाँट अ लॉयर."
७. दोन फोन नंबर पाठ ठेवा.
८. दहा दिवसांत डीएमव्हीची सुनावणी मागा.
९. पहिल्या हजेरीला, वकिलाशी बोलल्याशिवाय गुन्हा कबूल करू नका. वेळ मागा.
१०. नागरिक नसाल तर दोन वकील : एक गुन्ह्याचा, एक इमिग्रेशनचा. त्या दोघांचे आपसात बोलणे करून द्या.
११. वकिलाला विचारल्याशिवाय देशाबाहेर प्रवास नको. सरकारी ईमेल उघडून वाचा.

मित्राने हा लेख आधी वाचला. "माझे नाव नको, पण वडिलांचे लिही," असे तो म्हणाला, म्हणून लिहिले. मंडळींनो, पार्टीचे यजमान असाल तर निघणाऱ्याच्या हातातली चावी काढून घ्यायला संकोच करू नका. तो तेवढ्यापुरता रागावेल, पण नंतर आभार मानेल.

कायदे बदलत असतात, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते. तेव्हा अडचण आली तर वकिलाचाच सल्ला घ्या. आपल्यापैकी कोणी वकील असतील आणि या लेखात काही चूक दिसली तर जरूर कळवा, दुरुस्ती करू. चूकभूल द्यावी घ्यावी.

सर्वांना सणांच्या मनःपूर्वक शुभेच्छा. सुखरूप घरी पोचा!